दुसऱ्या महिन्यात बी खाऊन मुलगा होत नाही

‘दीड महिन्यापर्यंत गर्भ ना मुलगा असतो ना मुलगी. तेवढ्यात खोंड झालेल्या गाईच्या दुधातून शिवलिंगीचं बी घ्या, त्यातले ग्रोथ फॅक्टर मुलगा घडवतात.’ नुकतीच पाळी चुकलेल्या मुलींना घरचीच माणसं हा मेसेज पाठवताहेत, म्हणून संताप येतो.

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, ते मान्य. सहाव्या आठवड्यापर्यंत जननग्रंथी दोघांचीही सारखीच दिसते. पण शुक्राणूने एक्स गुणसूत्र आणलं की वाय, ते फलनाच्या वेळीच ठरलेलं असतं. वाय असेल तर सुमारे सहा आठवड्यांनी त्यावरचं एसआरवाय जनुक चालू होतं आणि ते सॉक्स-९ या दुसऱ्या जनुकाला जागं करतं. मग एफजीएफ-९ हे प्रथिन, म्हणजे मेसेजमधल्यासारखा ‘ग्रोथ फॅक्टर’, पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशीवरच्या एफजीएफआर-२ या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. दोन रिसेप्टर जोडीने येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि निरोप केंद्रकात जातो; त्यातून वृषण घडतं. हे सगळं गर्भाच्या आत, शेजारशेजारच्या पेशींत चालतं. दुधातली प्रथिनं आईच्या पोटात पचतात. खोंड की कालवड, याने काडीचा फरक पडत नाही.

आता खरी भीती. २००१ साली ‘सेल’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या प्रयोगात एफजीएफ-९ नसलेल्या, वाय असलेल्या उंदरांत वृषणांऐवजी अंडाशयासारख्या ग्रंथी तयार झाल्या. मेसेजवाल्यांना एवढंच ऐकायचं असतं. पण ती पिल्लं जन्मताच मेली, कारण त्यांची फुप्फुसंच नीट वाढली नव्हती. तोच निरोप फुप्फुसंही घडवतो! गर्भात एका कामापुरता वेगळा सिग्नल नसतो. एकीकडे ढवळलं की दुसरीकडे बिघडतं.

बियांच्या पुडीत संप्रेरक मिसळलेलं असेल तर? एक्सएक्स, म्हणजे मुलीच्या गर्भाला पुरुषी संप्रेरक जास्त मिळालं की बाहेरचे जननअवयव बदलतात, आत गर्भाशय आणि अंडाशय तसेच राहतात. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारात नेमकं हेच दिसतं. मुलगा होत नाही, मुलीच्या शरीराची ओढाताण होते. हरियाणातल्या अभ्यासात जन्मजात व्यंग असलेल्या बाळांच्या आयांनी अशी औषधं घेतल्याचं प्रमाण जास्त आढळलं.

‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ याला उत्तर एवढंच: अवयव घडतात तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, आणि पुडी द्यायला सांगतात नेमकी तेव्हाच. त्या दिवसांत लागतं ते फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, तेही गर्भधारणेच्या महिनाभर आधीपासून. कारण मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भाच्या २८व्या दिवसापर्यंत मिटते.

बी आधीच घेतलं असेल तर पुडी फेकू नका. ती डॉक्टरांना दाखवा, किती दिवस घेतलं ते सांगा आणि १८ ते २० आठवड्यांची व्यंगतपासणीची सोनोग्राफी चुकवू नका.