मूल रिकामे सापडू नये म्हणून

फाल्गुन लागला की सुज्ञ पालकांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे पुढच्या तीन महिन्यांत आपल्या घरातले मूल कोणत्याही क्षणी, कोणाच्याही नजरेला, रिकामे बसलेले दिसता कामा नये. वसंत ऋतूबद्दल कवींनी जे काही लिहून ठेवले आहे ते पाठ्यपुस्तकापुरते ठीक आहे. आंब्याला मोहर येतो, पळस फुलतो, कोकीळ ओरडतो, हे सगळे व्हायचे तसे होत राहील; त्यात आपण लक्ष घालण्याचे काही कारण नाही. आपल्या लेखी वसंताची चाहूल लागते ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पहिल्या उन्हाळी शिबिराची जाहिरात येऊन पडते तेव्हा. ही जाहिरात हल्ली होळीच्याही आधी येते आणि तिच्या तळाशी ‘मोजक्याच जागा शिल्लक’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचून ज्यांच्या पोटात गोळा येत नाही, त्यांनी आपण पालक होण्यास योग्य आहोत की नाही याचा एकदा शांतपणे विचार करावा.

पूर्वतयारी म्हणून, शक्य असल्यास, दोन मुलांना दोन वेगळ्या मंडळांच्या शाळांत घालावे. थोरली राज्य मंडळाच्या शाळेत आणि धाकटा सीबीएसईच्या शाळेत असला, तर एप्रिल महिना कसा भरगच्च होतो. धाकट्याचे नवे शैक्षणिक वर्ष एप्रिलच्या आरंभीच सुरू होते, त्यामुळे त्याच्या नव्याकोऱ्या पुस्तकांना खाकी कव्हरे घालण्याचे काम आणि थोरलीची जुन्या वर्षाची उजळणी एकाच जेवणाच्या टेबलावर, एकाच वेळी चालू ठेवता येते. २०२५ साली राज्यातल्या पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालतील आणि निकाल मात्र १ मे रोजी लागेल, असे वेळापत्रक निघाले, तेव्हा एवढ्या अवधीत उत्तरपत्रिका तपासायच्या कधी, अशी कुरकूर शिक्षकांनी केली. पालकांनी अशा कुरकुरीत सामील होऊ नये. सरकारने सुट्टीचे काही दिवस परस्पर भरून दिले, तेही फी न घेता, हे उपकार काय थोडे आहेत?

आई-वडिलांपैकी एक जण बँकेत आणि दुसरा हिशेबाच्या खात्यात असेल, तर मार्चअखेर हाही घरचाच सण धरावा. त्या आठवड्यात मुलांची दप्तरे कोणी भरली, डबा कोणी दिला आणि विज्ञानाच्या पेपराला मुलगी इतिहास वाचून का गेली, असल्या चौकश्या १ एप्रिलनंतर कराव्यात.

घरातील कामे याच काळात काढण्याचा आपल्याकडचा जुना प्रघात आहे आणि तो मोडू नये. विशेषतः कुरडया. त्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांना तारीख बदलून मिळत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज त्यांचे पाणी बदलायचे, मग वाटून चीक गाळून घ्यायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा, पहाटे वरचे पाणी ओतून टाकायचे आणि उरलेला घट्ट चीक हिंग-मिठाच्या उकळत्या पाण्यात, गुठळी होऊ न देता, घोटत राहायचे, जेणेकरून ऊन चढण्याच्या आत सोऱ्या रिकामा झाला पाहिजे. एकदा आजीने गहू भिजत घातले की मुलीचा गणिताचा पेपर त्याच सकाळी आहे, ही सबब गव्हाला सांगून उपयोग नसतो. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडून आदल्या रात्रीच मागून घ्यावी, सौर पॅनेलांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत प्लास्टिक अंथरावे आणि पेपर देऊन आलेल्या मुलीला हातात काठी व भूगोलाचे पुस्तक देऊन कावळ्यांवर नेमावे. राखण होते, उजळणीही होते.

मात्र स्वयंपाकघरातील एका धोक्याकडे लक्ष असावे. चीक शिजत आला की त्याचा वास घरभर पसरतो आणि मुले आपण होऊन, कोणी न बोलावता, तिथे गोळा होतात. आजी वाटीत गरम चीक घालते, वर दूध-साखर किंवा तूप सोडते. धाकटा फुंकर न घालताच पहिला घास घेतो, जीभ भाजली म्हणून थयथयाट करतो आणि लगेच दुसरा घास घेतो. नंतर दोघे पातेल्याच्या तळाची खरवड कोणाची यावरून भांडत बसतात. या सर्व प्रकारात कोणी कोणाला काही शिकवत नसते, कोणतेही कौशल्य विकसित होत नसते आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळत नाही. असा वेळ वर्षातून एका सकाळीपलीकडे वाया जाऊ देऊ नये.

आता क्रीडा. खेळ अनेक आहेत, परंतु पालकांनी क्रिकेटच निवडावे, कारण त्याच्या सोबत सांगायला गोष्ट तयार मिळते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ही हकिगत मुलाला मैदानाच्या वाटेवर रोज ऐकवावी. डाव घोषित करण्याच्या निरोपाकडे दोघांनी सरळ काणाडोळा केला, असे सांगतात. तो तपशील गाळावा, नाहीतर मोठ्यांचे न ऐकण्याला मुलाकडे एक दाखला तयार होईल. तसेच समोरच्या संघातली मुलेही तेवढाच वेळ त्याच उन्हात त्याच चेंडूमागे धावत होती आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत, हेही ओघात बोलून जाऊ नये. आपला मुलगा त्या गोष्टीत नेमका कुठे उभा असणार, याचा अंदाज त्याला फार लवकर येतो.

शिबिरात नाव घातल्याबरोबर साहित्य घ्यावे. बॅट, पॅड, ग्लव्ह्ज, हेल्मेट आणि ते सर्व मावेल अशी चाकांची किटबॅग. ही बॅग उभी केली असता मुलापेक्षा उंच असली पाहिजे, म्हणजे रिक्षात ती आत बसते आणि मूल कडेला. मैदानावर पहाटे सहाला हजर व्हावे. तिथे साधारणपणे चाळीस-पन्नास मुले आणि दोन नेट असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला फलंदाजीसाठी मोजून काही चेंडू येतात आणि उरलेल्या दोन तासांत मैदानाला फेऱ्या मारणे, रांगेत उभे राहणे आणि रांगेतल्या पुढच्या मुलाच्या पॅडचा पट्टा सोडणे, एवढी कौशल्ये आत्मसात होतात. या काळात वडिलांनी जाळीच्या मागे उभे राहून भ्रमणध्वनीवर चित्रण करावे व ‘कोपर वर, कोपर वर’ असे ओरडत राहावे. स्वतः वडील शाळेत असताना नेहमी बारावे खेळाडू होते, ही माहिती घरातल्या कोणी मैदानावर आणू नये. सर ओरडतात ते मुलांवर की वडिलांवर, हे काही दिवसांनी आपोआप कळू लागते.

मुलगी आहे म्हणून ती या सगळ्यातून सुटली, असे पूर्वी होत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकल्यापासून ती सवलत बंद झाली आहे. सबब किटबॅगा दोन घ्याव्यात.

संध्याकाळी साडेसातला आयपीएलचा सामना सुरू होतो. पहाटे उठायचे असल्यामुळे मुलांना नऊ वाजता झोपवावे आणि शेवटच्या षटकापर्यंतचा अभ्यास वडिलांनी त्यांच्या वतीने करावा. पोहण्याच्या बॅचबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. जागा मिळत नाही आणि मिळालीच तर ती दुपारी भर उन्हातली मिळते.

क्रीडेनंतर येतात ती संस्कारांची आणि निसर्गाची शिबिरे. यांपैकी निसर्ग शिबिर सर्वांत महाग असते, कारण त्यात मुलाला मातीत हात घालायला, झाडावर चढायला आणि अनवाणी चालायला देतात. ते योग्यच आहे, कारण या गोष्टी घरी करणे शक्य नसते. सोसायटीच्या आवारात आंब्याचे एक झाड असते, पण त्याच्या बुंध्याला ‘झाडावर चढू नये, कैऱ्या तोडू नयेत, आदेशावरून’ अशी पाटी ठोकलेली असते आणि ती ठोकण्याचा ठराव ज्या सभेत झाला त्या सभेत आपणही हात वर केलेला असतो. वाहनतळात लगोरी मांडली तर मोटारींना चेंडू लागतो, म्हणून सुरक्षारक्षक मुलांना हाकलतो. मग त्याच मुलांना आठ किलोमीटरवर ‘पारंपरिक खेळ कार्यशाळे’त नेऊन सोडावे, जिथे लगोरी आणि विटीदांडू शिकवायला प्रशिक्षित व्यक्ती नेमलेली असते. तिथे फरश्यांचे तुकडे गोळा करावे लागत नाहीत, लगोऱ्या रंगवून, एकसारख्या कापून ठेवलेल्या असतात. डाव कोणावर आहे यावरून भांडणही होत नाही, कारण ते ताईंच्या वहीत लिहिलेले असते. हे भांडण शिकवणारे शिबिर मात्र अजून निघालेले ऐकिवात नाही, अन्यथा त्याचीही फी भरता आली असती.

सणवार मध्ये येतात त्याला आपला इलाज नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत मुलीला नऊवारी नेसवून लेझीम पथकात उभी करावी. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा असली तर कविता लेझमीच्या ठेक्यावर पाठ होते. चैत्रगौरीच्या हळदी-कुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे करायचे असते आणि ते महिनाभरात केव्हाही करण्याची मुभा परंपरेने दिलेली आहे. पूर्वीच्या बायकांनाही वेळ मिळत नसावा, असे यावरून वाटते. आजोबांचा प्रश्न पुण्यात सोपा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे, तिथे ते एरवीही जातातच. जाताना धाकट्याला सोबत द्यावे. त्याला विषय समजला नाही तरी हरकत नाही, एक संध्याकाळ भरते.

कोकणात आजोळी पाठवण्याचा विचार असेल, तर रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, हे लक्षात घेऊन मेच्या सुट्टीची तिकिटे मार्चमध्ये, म्हणजे परीक्षेच्या ऐन भरात, सकाळी आठच्या ठोक्याला काढायला बसावे. आठ वाजून काही मिनिटांनी प्रतीक्षा यादीचे आकडे दिसू लागतात. तेव्हा घरातल्या कोणाशीही बोलू नये. आजोळ हे ठिकाण तसे जोखमीचे आहे. तिथे मुले सकाळी उठून विहिरीवर जातात ती दुपारी जेवायला येतात, मधल्या वेळात कोठे होती ते त्यांनाही नीट सांगता येत नाही, आणि हापूसच्या अढीतला कोणता आंबा आज पिकला असेल, एवढ्या एकाच विषयावर ती तासभर चर्चा करू शकतात. यावर उपाय म्हणून वैदिक गणिताचा ऑनलाइन वर्ग चालू ठेवावा. नेटवर्क फक्त गोठ्यामागच्या चढावर येते, तेव्हा मामांना मुलासोबत छत्री धरून उभे राहण्यास सांगावे. मामा भाच्यासाठी नाही म्हणणार नाहीत, मात्र गाईच्या हंबरण्यामुळे बाईंना उत्तर ऐकू गेले नाही, अशी तक्रार येऊ शकते.

एवढी दक्षता घेऊनही एखादा गुरुवार असा उजाडतो की दुरुस्तीसाठी सकाळीच वीज जाते, इंटरनेट बंद पडते, शिबिराचे सर आजारी पडतात आणि रिक्षावाले काका गावी गेलेले असतात. अशा दुपारी मूल गार फरशीवर पालथे पडते, थांबलेल्या पंख्याकडे बघते, ‘मी काय करू?’ असे दोनदा विचारते आणि तिसऱ्यांदा विचारत नाही. हे तिसऱ्यांदा न विचारणे गंभीर लक्षण समजावे. थोड्या वेळाने ते उठते, चोखून वाळत टाकलेली आंब्याची कोय घेते, तिच्या केसांना पेनाने भांग पाडते, तिला नाव देते, आगपेटीच्या रिकाम्या खोक्याचे दप्तर करते आणि शाळेत पाठवते. थोरली, जी आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती, ती दुसरी कोय घेऊन त्या शाळेची मुख्याध्यापिका होते. पालकांनी इथे विलंब न लावता हस्तक्षेप करावा. शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून ‘काय करतायत मुलं?’ असे विचारले, तर ‘काही नाही’ हे उत्तर तोंडातून जाऊ नये. ‘टाकाऊतून टिकाऊचं सत्र चालू आहे’ असे सांगावे आणि वीज आल्याबरोबर तसे खरोखर एखादे सत्र कुठे मिळते का, ते शोधावे. कोयींची शाळा मग आपोआप सुटते.

जूनच्या मध्याला राज्यातल्या शाळा उघडतात आणि पालकांना थोडी उसंत मिळते. विदर्भात मात्र उन्हामुळे त्या बहुधा आणखी काही दिवस उशिरा उघडतात, हे नागपूर-अकोल्याच्या पालकांनी आधीच ध्यानात घेतलेले बरे, कारण ते दिवस कोणत्याच शिबिराच्या वेळापत्रकात बसत नाहीत आणि मूल तेवढ्या काळात घरात अगदी उघडे पडते. पुण्या-मुंबईचे प्रशिक्षक तोवर मोकळे झालेले असतात आणि ऑनलाइन तास घ्यायला त्यांची ना नसते. त्यांच्याशी एप्रिलमध्येच बोलून ठेवावे आणि आगाऊ रक्कम भरल्यास पावती मागून घ्यावी.