'आकड्यांमागे धावता' म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, (30 वर्षं मासे पाळतोय म्हणालात म्हणून काका म्हणतोय, रागावू नका) माझ्या अल्कलिनिटीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा झोंबली, खरं सांगतो. दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचली तेव्हा निम्मी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, काकांचं म्हणणं असं की नवीन रीफ टँकमध्ये (घरातल्या प्रवाळाच्या, खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून प्रवाळ म्हणजे कोरल आपला सांगाडा बनवतं, पुढे नुसतं 'अल्क') सारखी मोजायला सांगून मी नवख्यांना घाबरवतोय, मालवणच्या समुद्रात कोण टेस्ट किट घेऊन बसलंय, दर आठवड्याला 20 टक्के पाणी बदललं की झालं, आणि खायचा सोडा टाका म्हणजे निव्वळ जुगाड. शिवाय मी एकीकडे अल्क 8 ठेवा म्हणतो आणि चार ओळी खाली 9.

शेवटचं आधी घेतो कारण तिथे माझीच चूक आहे. '8 ते 9 च्या बाहेर गेलं की लगेच ॲक्शन घ्या' हे वाक्य मी घाईत लिहिलं, ते काढलंय. समुद्रात अल्क 7 डीकेएचच्या (हे अल्क मोजायचं एकक) आसपास असतं, टँकमध्ये लोक 7 ते 11 मध्ये कुठेही ठेवतात आणि कोरल मजेत वाढतात. तुम्ही 7.5 वर ठेवा, मी 8.5 वर ठेवतो, दोघांचंही छान चालेल. आज 7.5 आणि परवा 9.5 हे मात्र नाही चालत.

मालवणचं म्हणाल तर अहो, तिथे एवढा समुद्र आहे, प्रवाळाने कितीही कार्बोनेट खाल्लं तरी पाण्याला पत्ता लागत नाही. माझ्याकडे इथे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये सगळं मिळून 150 लिटर पाणी आहे, त्यात कोणी जरा जास्त जेवलं की लगेच कळतं. (आणि तिथल्या प्रवाळाचा विषय निघालाच आहे म्हणून, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, सुट्टीत गेल्यावर 'छोटासा तुकडा' उचलायचा विचारही करू नका कोणी.)

आता पाणी बदलण्याचं. तुमच्या टँकमध्ये सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा न बनवणारे) आहेत म्हणालात, मग अल्क दिवसाला 0.05 वगैरेच उतरत असणार, आठवड्याला 0.3-0.4, तिथे तुमचं 20 टक्के पुरतं, शंभर टक्के मान्य. पण माझा टँक चौथ्या महिन्यात रोज 0.3 खायला लागला, म्हणजे आठवड्यात 8 चं 5.9, आणि त्यात 8 वालं नवीन पाणी 20 टक्के घातलं तर किती वाढतं? जेमतेम 0.4. पुढच्या रविवारी अजून खाली. मग लोक म्हणतात नवीन पाणी बनवायला जास्त अल्कवालं मीठ घेऊ, 12 वालं, तर ज्याचा टँक 8 वर आहे त्याचं पाणी अर्ध्या तासात 0.8 ने वर उडी मारतं, दर रविवारी, आणि तो बिचारा विचार करत बसतो की सोमवारी कोरल तोंड मिटून का बसतात.

नवीन टँकची खरी गंमत (की वैताग) ही आहे की त्याची भूकच स्थिर नसते. सुरुवातीला सायकल (टँकमध्ये उपयोगी बॅक्टेरिया वसण्याचा काळ) चालू असताना बॅक्टेरिया अमोनिया खाता खाता अल्क पण खातात. मग काही आठवडे काहीच होत नाही, माणूस निर्धास्त होतो. मग एक दिवस मागच्या काचेवर आणि गोगलगायींच्या पाठीवर गुलाबी-जांभळे ठिपके दिसतात, कोरलाइन अल्गी, आपण खूश होऊन फोटो काढतो, आणि तीच अल्गी गुपचूप कॅल्शियम कार्बोनेटचे थर चढवत असते. कालचा डोस आज कमी पडतो तो असा. कॅल्शियम मोजून हे लवकर कळत नाही, कारण अल्क 2.8 ने उतरतं तेव्हा कॅल्शियम जेमतेम 20 पीपीएमने उतरतं, 430 चं 410, ते किटच्या चुकीत खपून जातं.

म्हणून मी मोजा म्हणतो, पण मोजून लगेच ओतू नका हे मी ठळक लिहायला हवं होतं. स्वतःचा पराक्रम सांगतो. शनिवारी रात्री टेस्ट केली, 6.6 आलं. आदल्या दिवशी 8.3 होतं. एका रात्रीत 1.7 कुठे जाईल, हा साधा प्रश्न पडायला हवा होता, पण मी 9 ग्रॅम सोडा एका ग्लासात ढवळला आणि सरळ सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) हीटरशेजारी ओतला. दहा मिनिटांत पाणी ताक. सकाळी हीटरवर किटलीच्या बुडाला बसतो तसा पांढरा थर आणि रीडिंग 9.8. झालं काय होतं, तर चेकर (अल्क मोजायचं छोटं डिजिटल यंत्र) झिरो करताना पाण्याच्या नमुन्याच्या कुपीवर ओल्या बोटाचा ठसा होता आणि नंतर मीच तो पुसला, म्हणून रीडिंग खोटं. चार दिवसांनी ॲक्रोपोराची (हा नाजूक दगडी कोरल) टोकं जळून पांढरी. (पाचव्या महिन्यात ॲक्रोपोरा आणायचाच नव्हता, बायको तेव्हाच म्हणाली होती.) तसंही त्या चेकरच्या कागदावरच लिहिलंय, अधिक-उणे 0.3 आणि वर रीडिंगच्या 5 टक्के. म्हणजे 8.1 आणि 8.4 मध्ये घाबरण्यासारखं काही नसतं.

सोडा जुगाड नाही हो काका. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, बाटलीतल्या महागड्या बफरमध्येही बऱ्याचदा तेच असतं. 100 लिटरला 1 डीकेएच वाढवायला 3 ग्रॅम. मी सोमवारी रात्री 9 ला मोजलं 8.6, तीन दिवस काहीच टाकलं नाही, गुरुवारी रात्री 9 ला 7.7. दिवसाला 0.3, म्हणजे माझ्या 150 लिटरला 1.35 ग्रॅम, तेवढाच रोज, आरओच्या पाण्यात विरघळवून, जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू. दर आठवड्याला भूक परत तपासायची. खूप खाली गेलंच असेल तर दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त चढवायचं नाही. फक्त बेकिंग पावडर आणू नका, त्यात ॲसिड आणि स्टार्च असतं, एकाने खरंच विचारलं होतं.

आणि पीएच 7.8 दिसला की अल्क कमी, असं तुम्ही लिहिलंय, ते तेवढं पटलं नाही. गणपतीत आमच्याकडे दहा माणसं, एसी चालू, खिडक्या बंद, पीएच 7.75 ला गेला आणि अल्क जिथल्या तिथे, 8.2. माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड होता तो. विसर्जनानंतर खिडक्या उघडल्या, दुसऱ्या दिवशी 8.1.

तुम्ही एक कराल का, या रविवारी पाणी बदलायच्या आधी एक रीडिंग, तासाभराने एक, आणि बादलीतल्या नवीन पाण्याचं एक, तीन आकडे इथेच टाका. कुपी कोरडी पुसून घ्या तेवढी.