५२० डी की ई २२०, तुमच्या तक्रारीवर माझं उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार दिलेत आणि तीन गोष्टी लिहिल्यात. तुम्ही ७८ हजार किमी फिरलेली बीएमडब्ल्यू ५२० डी बघायला आला होतात आणि आम्ही १ लाख ४२ हजार फिरलेली मर्सिडीज ई २२० सीडीआय गळ्यात मारली, या मर्सिडीजचे ब्रेक कॉम्प्युटरवर चालतात हे आम्ही लपवलं, आणि महिन्याभरात टायरवाल्याने सांगितलं की चारही टायर म्हातारे झालेत.

टायरचं आधी बोलतो कारण तिथे चूक सरळ आमची आहे. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे ३११४ असेल तर २०१४ चा एकतिसावा आठवडा. आमच्या माणसाने नक्षीची खोली मोजली, ती भरपूर होती, त्याने ओके लिहिलं आणि तारीख बघितलीच नाही. रबर कडक झालं की नक्षी कितीही खोल असो, ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. तुम्ही घरच्यांना घेऊन त्या गाडीत फिरलात याचं मला मनापासून वाईट वाटलं. चारही टायर आमच्या खर्चाने बदलून देतो आणि तारीख बघायची ओळ आता आमच्या चेकलिस्टमध्ये टाकलीये.

ब्रेकबद्दल तुम्ही मित्राच्या सांगण्यावरून लिहिलंत ते खोटं नाही, पण ते तुमच्या गाडीला लागू नाही. ही ई क्लास, म्हणजे तुमची ई २२० ज्या मॉडेलची आहे ते, २००२ मध्ये आली तेव्हा एसबीसी नावाची सिस्टीम होती, तुम्ही पेडल दाबलं की कॉम्प्युटर ठरवायचा कुठल्या चाकाला किती प्रेशर द्यायचं, आणि २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या त्यासाठी परत बोलावल्या होत्या. २००६ मध्ये मॉडेलमध्ये बदल केले तेव्हा (फेसलिफ्ट) कंपनीने ती काढून साधे हायड्रॉलिक ब्रेक परत आणले. तुमची २००८ ची आहे. बोनेट उघडा, ब्रेक ऑइलच्या डबीमागे मोठा गोल काळा बूस्टर, म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणारा डबा, दिसेल, तो दिसला की विषय संपला. हे आम्ही गाडी देताना दाखवायला हवं होतं, दाखवलं नाही, ते मान्य.

आता मुख्य मुद्दा, किलोमीटर. सर, खरं सांगतो, चालवायला बीएमडब्ल्यूच भारी आहे, वळणावर ती जशी बसते तशी ई क्लास नाही बसत आणि ते मी तुम्हाला त्या दिवशीही बोललो होतो. पण २००८ च्या ५२० डी मध्ये एन ४७ इंजिन आहे आणि त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन झिजली की थंड इंजिन स्टार्ट करताना मागच्या बाजूने खरखर, घासल्यासारखा आवाज येतो, आणि ती बदलायची तर आधी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, बऱ्याचदा इंजिनच बाहेर काढतात. तुटली तर इंजिनच जातं. त्या गाडीच्या फाईलमध्ये चेन बदलल्याचं एकही बिल नाही आणि मधली तीन वर्षं सर्व्हिसची नोंदच नाही, मग ७८ हजार हा नुसता मीटरवरचा आकडा राहतो ना. अशा गाडीत ऑइल किती दिवस तसंच पडून राहिलं हे कोण सांगणार.

तुमच्या ई २२० चं इंजिन ओएम ६४६, चेन पुढच्या बाजूला, साधी स्टीलची स्प्रिंग, हवेवर चालणाऱ्या एअर सस्पेन्शनची भानगड नाही, आणि १ लाख ४२ हजारपर्यंतचं प्रत्येक बिल फाईलमध्ये लावलेलं आहे. तिच्यातही दोष आहेत, लपवत नाही. इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारी नळी, त्याच्याखालचं तांब्याचं वॉशर गळायला लागलं की फस फस असा आवाज येतो आणि वरचं प्लास्टिक कव्हर काढलं तर इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर दिसतो. लवकर पकडलं तर वॉशर बदलून भागतं, वर्ष दोन वर्षं तसंच सोडलं तर इंजेक्टर जागेवरून हलतच नाही. तुमच्या गाडीचं आम्ही कव्हर काढून बघितलं होतं, कोरडं होतं, तरी दर सर्व्हिसला बघत चला. डिझेल आहे, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, तो साफ राहावा म्हणून आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर वीस पंचवीस मिनिटं सलग चालवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण मीच सांगतो. तुम्ही दुपारी आलात तेव्हा दोन्ही गाड्या आमच्या पोरांनी सकाळपासून दोनदा चालू करून ठेवल्या होत्या, गरम इंजिनवर चेनचा आवाज ऐकूच येत नाही कधी कधी. गिऱ्हाईकाला गाडी थंडच दाखवायची, हे मी आता सगळ्यांना बजावलंय.

ती ५२० डी अजून विकलेली नाही, चेन उघडून बघितल्याशिवाय मी ती कुणालाच देणार नाही. टायर बदलायला याल तेव्हा सकाळी लवकर या, दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करतो, आधी बोनेटला हात लावून गार आहे ना बघा आणि मग तुम्ही स्वतः स्टार्ट करा.