शेअर ड्रायव्हरच्या नावावर? मामा, थांबा!

काल पोह्यांची प्लेट हातात अन् मामाचा फोन, "अरे, आपले शेअर ड्रायव्हरच्या नावावर करून टाकू का?" मामा-मामींची इंदूरला सांवेर रोडवर छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, नमकीनच्या मशीनचे पार्ट बनवतात, शेअर जवळपास अर्धे-अर्धे. त्यांना कुणीतरी फॉरवर्ड टाकला होता: प्रत्येक धंदेवाल्याने महिनाअखेरपर्यंत मालकी जाहीर करायची, नाहीतर रोज ५०,००० दंड, अन् वाचायचं असेल तर शेअर विश्वासू माणसाच्या नावावर करा.

बाकी मेसेज नुसता बावळट आहे, पण हा विश्वासू माणूस घात करेल. पैसा मामाचा, नफा मामाचा, नाव ड्रायव्हरचं, याच्यासाठीच तर कंपनी कायद्यात कलम ८९ आहे: ड्रायव्हरने एमजीटी-४ हा फॉर्म द्यायचा, मामांनी एमजीटी-५, वर कंपनीने आरओसीकडे, म्हणजे सरकारच्या कंपनी निबंधकाकडे, एमजीटी-६ भरायचा. म्हणजे एक कागद टाळायला तीन कागद! अन् गुपचूप केलं तर दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता ठेवण्याविरुद्धचा बेनामी कायदा उभाच आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर १ ते ७ वर्षं सक्तमजुरी, शिवाय मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. उद्या ड्रायव्हर म्हणाला शेअर माझेच, तर मामा काय दाखवणार, फॉरवर्ड?

"प्रत्येक धंदेवाला" म्हणे. खरा मालक जाहीर करायचं ते कंपनी कायद्याचं कलम ९०, ते कंपन्यांना लागतं, २०२३ पासून एलएलपींनाही (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्था) तसेच नियम आलेत, पण सियागंजातला एकट्याच्या नावावर दुकान चालवणारा यात कुठून आला? कंपनीतसुद्धा मुद्दा आडून धरलेल्या मालकीचा आहे, मधे दुसरी कंपनी, ट्रस्ट वगैरे ठेवून कमीत कमी १० टक्के. २०१९ च्या सुधारित नियमांत साफ लिहिलंय, सगळे शेअर सरळ स्वतःच्या नावावर असतील, आडून काहीच नसेल, तर तुम्ही "सिग्निफिकंट बेनिफिशियल ओनर", म्हणजे जाहीर करावा लागणारा खरा मालक, नाहीच.

५०,००० चा आकडा खरा आहे, बरं. पण एकदाच, रोज नाही. पुढे रोज १,००० अन् तेही जास्तीत जास्त २ लाखांपर्यंत, कंपनीचा दंड वेगळा. महिनाअखेर वगैरे काही नाही, बदल झाला की ३० दिवसांत माणसाने कंपनीला बेन-१ हा मालकी जाहीर करायचा फॉर्म द्यायचा, तो मिळाल्यावर ३० दिवसांत कंपनीने आरओसीकडे बेन-२ भरायचा.

अन् हो, एक गोष्ट छोट्या कंपनीलाही चुकत नाही: २७ ऑक्टोबर २०२३ पासून शेअरच्या खऱ्या मालकीची माहिती आरओसीला द्यायला कोण जबाबदार ते प्रत्येक कंपनीने ठरवायचंय. नाही ठरवलं, कंपनी सेक्रेटरी किंवा एमडीही (मॅनेजिंग डायरेक्टर) नसला, तर सगळेच डायरेक्टर जबाबदार. मेसेजमध्ये हे कामाचं तेवढं नव्हतं.

एवढं सगळं अर्धा तास सांगितलं, पोहे गार झाले, अन् मग मामा हळूच म्हणतात, "थोडे शेअर एचयूएफच्या, आपल्या हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, नावावर पण आहेत रे, चालतं ना?"

असंच नाही चालत! कुटुंबाचे प्रमुख, म्हणजे कर्ता, तुम्हीच, म्हणजे आडून मालकी आली, अन् स्वतःचे धरून १० टक्के केव्हाच ओलांडले. बेन-१ भरावाच लागणार. सीएला फोन लावा म्हटलं, आत्ताच्या आत्ता.