नोंदवही एक, साठे अनेक

मिडलवेअरमुळे (वेगवेगळ्या संगणक-प्रणालींना जोडणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरमुळे) दूरदूरच्या संस्थांमधील एमआरआय प्रतिमा ‘एका ठिकाणी येतात’, असे मिडलवेअरवरील एका लेखात म्हटले आहे. ते तितकेसे बरोबर नाही. प्रतिमा जिथल्या तिथेच राहू शकतात, एकत्र येते ती त्यांची नोंदवही, म्हणजे कोणती प्रतिमा कुठे आहे याची यादी. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘बर्न’ या जैववैद्यकीय संशोधन जाळ्याने सॅन डिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरमध्ये घडवलेले ‘स्टोरेज रिसोर्स ब्रोकर’ हे मिडलवेअर वापरले. त्यात संशोधकाला दिसणारे फाइलचे नाव आणि ती फाइल प्रत्यक्षात ज्या डिस्कवर किंवा टेपवर आहे तो पत्ता यांची सांगड कॅटलॉगमध्ये, म्हणजे याच नोंदवहीत, घातलेली असे, त्यामुळे साठा दुसरीकडे हलवला तरी संशोधकाच्या लेखी नाव तेच राही. पुढे आलेल्या ‘आयरॉड्स’ या मिडलवेअरने त्याला नियमांची जोड दिली: फाइल दाखल होताच चेकसम (फाइल बिघडली का हे ओळखण्यासाठीचा आकडा) काढणे, दुसरी प्रत ठेवणे वगैरे.

गोपनीयतेचा विषय मात्र लेखात एका वाक्यात उरकला आहे, हे खटकले. डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचे प्रमाणित स्वरूप) फाइलच्या हेडरमधून, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागातून, रुग्णाचे नाव पुसले, तरी डोक्याच्या त्रिमितीय एमआरआयमधून चेहऱ्याची ठेवण पुन्हा उभी करता येते; म्हणून प्रतिमा इतरांना देण्यापूर्वी तिच्यातला चेहऱ्याचा भागच काढून टाकतात. हे काम (कंटाळवाणे खरे) मिडलवेअर आपणहून करत नाही, कोणीतरी ते नियमात लिहावे लागते.