उताणं पडून घाम गाळण्याची विद्या

पिलाटीज या व्यायामप्रकाराची मोठी अडचण अशी, की बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. वजन उचलणाऱ्याच्या हातात निदान वजन असतं, धावणारा निदान कुठेतरी पोचतो. मी मात्र एक-दीड सेंटिमीटर जाडीच्या मॅटवर उताणा, पाय हवेत, चेहरा लालबुंद. अशा वेळी घरातलं कोणीतरी डोकावून विचारतं, ‘डोळा लागला का?’ उत्तर देता येत नाही, कारण श्वास पाच आकडे मोजून सोडायचा असतो.

हा ‘हंड्रेड’. नावातच हिशेब आहे. गुडघे काटकोनात वर, डोकं आणि खांदे पात्यांच्या खालच्या टोकापर्यंत उचललेले, हात अंगालगत ताठ, आणि पाण्यावर थापट्या माराव्यात तसे ते वरखाली, जेमतेम वीतभर. पाच थापट्यांत श्वास आत, पाचांत बाहेर, असे दहा फेरे. चाळिसापर्यंत सगळेच शूर असतात. पन्नाशीला मान बोलू लागते. मान दुखली की समजावं, पोटाने अंग काढून घेतलंय आणि काम मानेच्या गळ्यात पडलंय. डोकं सरळ खाली ठेवा आणि हात चालू ठेवा, त्यात कमीपणा नाही. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये एखादा छोटा चेंडू मावेल एवढी जागा हवी. तो चेंडू चिरडला जात असेल, तर आपण पोटाने नव्हे, हट्टाने वर आलेलो असतो.

दुसरी चोरी पोट स्वतःच पकडून देतं. बेंबीभोवती घुमट उगवला, की आतला आडवा स्नायू कामावर आलेला नाही. कमरेला पट्टा बांधावा तसा तो पोटाला वेढून असतो, आणि हालचाल सुरू होण्याच्या आधी त्याने आवळलं पाहिजे. त्यासाठी श्वास सोडता सोडता ओटीपोट हलकेच आत घ्यायचं. ‘हलकेच’ हा शब्द मात्र कोणाला ऐकूच येत नाही. फोटो काढताना घेतो तसं आम्ही पोट आत ओढतो, मग श्वास कोंडतो आणि खांदे कानांना भेटायला जातात. श्वास फासळ्यांच्या बाजूंना भरायचा. दोन्ही तळवे फासळ्यांवर, मधली बोटं एकमेकांना टेकलेली. श्वास घेताना ती बोटं दूर सरकली, तर जमलं.

‘रोल अप’ हा खरा अपमान. झोपल्याजागेवरून एकेक मणका सोलल्यासारखा उचलत बसतं व्हायचं. प्रत्यक्षात अर्ध्या वाटेवर गाडी अडते, मग हिसका, आणि पाय हवेत. कारण पोट थकलं, की मांड्या कमरेशी दुमडणारे स्नायू कारभार हाती घेतात. इथे जोर लावून उपयोग नाही, उलटीकडून सुरुवात करावी: गुडघे वाकवून बसायचं, मांड्या मागून धरायच्या आणि हळूहळू मागे उतरायचं. उतरणं जमलं की चढणं येतं. (हाडं ठिसूळ असतील, तर पाठ गोल करायचे हे प्रकार वगळावेत.)

ही विद्या 1883 मध्ये जर्मनीत जन्मलेल्या जोसेफ पिलाटीसची. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिशांच्या नजरकैदेत होता आणि सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घेत असे. त्या शिष्यांना सातत्य कसं जमलं, याचं मला कोडं पडत नाही. दाराला कुलूप होतं. आमच्या दाराला नसतं, शिवाय ‘रविवारी दोन तास करून भरपाई’ नावाची पळवाट असते. ती चालत नाही. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत, कोणी कधी आवळायचं ही वेळ मज्जासंस्था शिकत असते. ती शिकवणी थोड्या थोड्या पण वारंवार सरावानेच पक्की होते. म्हणून आठवड्यातून तीनदा, वीस-पंचवीस मिनिटं. रिफॉर्मरवर, म्हणजे स्प्रिंगांना जोडलेला सरकता गाडा असलेल्या यंत्रावर, करणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त तिथे एक जास्तीचा सापळा आहे: स्प्रिंग कमी केल्या म्हणजे सोपं झालं, असा समज. प्लँकमध्ये (हात टेकून अंग फळीसारखं ताठ धरायचं) स्प्रिंग जितक्या कमी, तितका गाडा पायाखालून पळतो.

फायदे येतात, पण चोरपावलांनी. वजनकाटा बहुधा ढिम्म राहतो, त्याच्याकडे बघून व्यायाम सोडू नये. जुन्या कंबरदुखीला आराम पडू शकतो. इतर व्यायामांपेक्षा हाच सरस, असं मात्र ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि तसं छातीठोक सांगणाऱ्या ट्रेनरपासून मी चार हात लांबच राहतो. बदल कळतो तो उभ्या उभ्या मोजा घालताना. भिंत शोधायला गेलेला हात मध्येच थांबतो, कारण गरजच नसते. पाठ खुर्चीत ओघळत नाही. दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, ‘उंची वाढली का रे?’ वाढलेली नसते, पोक तेवढं कमी झालेलं असतं. विचारणारा मात्र आधी चपलांच्या टाचा तपासून घेतो.