‘कोर्टाने ड्रग्जवाल्यांची फाशी काढली’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

कुपवाड आणि विट्याजवळ एमडी या ड्रगचा साठा, कारखाना सापडल्यापासून सांगलीत एक मेसेज फिरतोय: ‘ड्रग्जवाल्यांना सक्तीची फाशी होती, हायकोर्टाने ती रद्द केली, म्हणून हे सगळे सुटणार. सिंगापूर बघा.’ परवा मामांनीही तो घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा लिहिणं भाग आहे.

फाशी रद्द झालेली नाही. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ३१अ मधली फाशीची सक्ती मुंबई हायकोर्टाने जून २०११ मध्ये काढली. संविधानाच्या कलम २१ चा (जगण्याच्या हक्काचा) आधार घेऊन ‘फाशी द्यावीच’ ऐवजी ‘देता येईल’ असा अर्थ लावला. २०१४ मध्ये संसदेनेही कायदा तसाच बदलला. सक्ती गेली एवढं मेसेजमधलं खरं, ते मान्य. पण हा मुद्दा १९८३ च्या मिठू खटल्यातच निकाली निघाला होता. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, हे भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी रद्द केलं. आरोपी कोण, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे न्यायाधीशाला बघूच दिलं नाही तर शिक्षेवरची सुनावणी कशाला ठेवायची?

‘म्हणून हे सुटणार’ हे मात्र धादांत खोटं आहे आणि घातकही. ३१अ लागतं ते आधी ड्रग्जच्याच मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला, तेही त्या कलमाच्या तक्त्यातला माल ठरलेल्या वजनाचा असेल तर: हेरॉइन १ किलो, कोकेन ५०० ग्रॅम, चरस २० किलो. त्या तक्त्यात एमडी म्हणजे मेफेड्रोन नाहीच! सक्ती असती तरी एमडीच्या साठ्यावर फाशी झाली नसती. एमडी ५० ग्रॅमला व्यावसायिक प्रमाण (म्हणजे सर्वात कडक शिक्षेचा साठा) धरतात. शिक्षा १० ते २० वर्षं सक्तमजुरी, आणि कलम ३७ मुळे जामीन अवघड.

खटला ढिला पडतो तो कागदावर. खबर लेखी नोंदवून तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे जायला हवी (कलम ४२). मालाची यादी, फोटो आणि नमुने मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला हवेत (कलम ५२अ). इथे हयगय झाली की बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. ओरडायचं असेल तर यावर ओरडा.

राहिलं सिंगापूर. तिथल्या कोर्टाने २०१० मध्ये सक्ती उचलून धरली, खरं आहे. पण २०१२ मध्ये तिथल्याच संसदेने, नुसतं माल पोचवण्याचं काम करणाऱ्याने तपासाला भरीव मदत केली असेल तर जन्मठेपेची वाट उघडली. शेजारच्या मलेशियाने २०२३ मध्ये सक्तीची फाशी कायद्यातूनच काढून टाकली.